पाचवी खेप

"चौथ्या ओळीत आपल्या कॉलेजचं नाव लिहिलंत म्हणून काही कुणाच्या घरावर दरोडा पडत नाही, आई," सून नेल्डा म्हणाली, आणि टर्कीचं पातेलं तिनं असं खरवडायला घेतलं, जसा काही सगळा गुन्हा त्या पातेल्याचाच होता.

"पातेलं माझ्या सासूचं आहे. भोक पाडू नकोस," ओरा मे म्हणाली.

टेबलावर कागद पडला होता. त्यावर एक ते आठ आकडे, आणि सहा आकड्यांपुढे सहा कॉलेजांची नावं. चार आणि पाच मोकळे. ओरा मेनं सकाळपासून तीनदा सुरीनं पेन्सिलीला टोक काढलं होतं. पेन्सिल निम्मी झाली, कागद होता तसाच. चर्चहून आल्यावर अंगातला चांगला झगासुद्धा तिनं बदलला नव्हता. घड्याळात दीड वाजला होता आणि पाचच्या आत फोन करायचा होता.

केंटकीच्या त्या डोंगरात आठ लहान कॉलेजांची एक लीग होती. चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकी फुटबॉलचा हंगाम संपला की आठ गावांतली आठ माणसं सगळा हंगाम आठवून आठ संघांची क्रमवारी लावायची. वरच्या जागेला जास्त गुण, आणि आठ याद्यांची बेरीज म्हणजे लीगचा शेवटचा क्रम. रविवारी ती यादी रेडिओवाल्याला कळवायची, आणि सोमवारी सकाळी तो प्रत्येकाची यादी नावासकट वाचून दाखवायचा. सोबत त्या माणसाचं एक वाक्य. ते वाक्य मग वर्षभर लोकांच्या तोंडी असे, चांगलं असो नाहीतर मूर्खपणाचं.

हॅस्केट गावाचं मत पूर्वी क्लोव्हिस स्टिडमचं होतं. तो साप्ताहिकात सामन्यांबद्दल लिहायचा. तो गेला आणि संपादकानं ते मत त्याच्या बायकोला दिलं. ती सहावीत शाळा सोडलेली, कॉलेजच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलणारी! लोक हसले. पण पंचवीस वर्षं हॅस्केटच्या मैदानाच्या अगदी कडेला आकड्याची काठी धरून कोण उभं होतं? ओरा मे. संघाला चार खेपांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, नाहीतर चेंडू समोरच्यांना. कितवी खेप चाललीय ते काठीच्या टोकावरच्या पत्र्यावर दिसतं. एक झाली की आकडा उलटवायचा. काम एवढंसंच, पण पंचाची नजर त्या पत्र्यावर. सहा वर्षं झाली मत देऊन, आणि तिच्या यादीला हसायची कुणाची टाप झाली नव्हती.

यंदा गोष्ट वेगळी होती. हॅस्केटचा कोच होता वेंडेल, तिचा एकुलता एक मुलगा. मागची दोन वर्षं संघ सातवा आणि आठवा आलेला. ऑगस्टात कॉलेजच्या विश्वस्तांनी त्याला बोलावून सांगितलं होतं: पहिल्या चारांत ये, नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही दुसरा माणूस बघतो.

"तिकडे टीग कॉलेजच्या माणसानं टीगला वर चढवलं नसेल?" नेल्डा म्हणाली. "प्रत्येक जण आपल्या गावाला एक पायरी चढवतो. सगळ्यांनी ते धरूनच ठेवलंय."

"क्लोव्हिसनं कधी चढवलं नाही."

"त्यांचा मुलगा कोच नव्हता तेव्हा!" नेल्डानं पातेलं आपटलं. मग हात पुसत ती समोर येऊन बसली आणि आवाज खाली आणला. "इंडियानात माझा भाऊ वेंडेलला कारखान्यात लावून घेईन म्हणतो. गाड्यांचे दिवे येणार पट्ट्यावरून, आणि तुमचा मुलगा त्यांना स्क्रू पिळणार. दिवसभर. आणि नाती तुम्हाला वर्षातून दोनदा दिसतील. एकदा नाताळला, आणि एकदा कुणी मेलं तर."

"कोण मरणार आहे?"

"तुम्ही नाही. तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवूनच जाल."

एरवी ओरा मेनं याला दुप्पट उत्तर दिलं असतं. आज तिनं पुन्हा पेन्सिल आणि सुरी उचलली. ते बघून नेल्डा घाबरली, तिनं कोट चढवला, आणि मैत्रिणीकडे गेलेल्या मुलींना आणायला निघाली. दारातून म्हणाली, "मी तुमच्यापुढे कधी पदर पसरला नाही. आज पसरतेय."

गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला. ओरा मेनं कागद पुन्हा पुढे ओढला.

बाकीची यादी तिला जड गेली नव्हती. पहिलं प्रूइट, त्याला दुसरा विचारच नव्हता. सातपैकी सात जिंकले. पोरं बैलासारखी, डोकीही तशीच, पण जिंकले. दुसरं ब्लेव्हिन्स. त्यांच्याकडे एकच पळणारा होता, आणि त्याचा घोटा मुरगळला तेव्हा अख्खा संघ लंगडायला लागला. तिसरं सेंट ऑस्टेल. ही मंडळी गुडघे टेकून प्रार्थना करतात आणि उठली की त्याच गुडघ्यानं हाणतात. तळाशी तिनं मार्लोला घातलं होतं आणि डोव्हर फोर्कला त्याच्या वर सातवं, जरी डोव्हर फोर्क एकही सामना जिंकलं नव्हतं. लोक बोंब मारणार, मारू देत. तिची आपली एक रीत होती. सामना संपून पोरं बसकडे निघाली की ती त्यांच्या पाठी बघायची. गुण फलकावर असतात, पण कोण कुणाला आडवं पाडत होतं ते पाठीवरच्या चिखलात असतं. छाती माखलेली असेल तर तो भिडला. पाठ माखलेली असेल तर त्याला कुणीतरी उताणा केला. डोव्हर फोर्कची पोरं सातव्या पराभवानंतरही पाठी कोऱ्या घेऊन बसमध्ये चढली होती.

आणि टीगची पोरं ऑक्टोबरातल्या त्या पावसात हॅस्केटशी हरून निघाली, तेव्हा अकराच्या अकरा पाठी स्वच्छ होत्या. हॅस्केटच्या पोरांच्या मात्र चिखलानं लिंपलेल्या.

तेव्हा तिला वाटलं होतं, नशीब आपलं. नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

सामना संपायला दोन मिनिटं होती. टीग तीन गुणांनी पुढे, चेंडू हॅस्केटकडे, आणि शेवटची रेषा पाच यार्डांवर. पावसानं फलकावरचे दिवे कधीच गेले होते. पहिली खेप फुकट गेली. ओरा मेनं आकडा दोन केला. दुसरी खेप फुकट गेली. आता तीन करायचा. तेवढ्यात तिच्यामागून टीगचा एक मदतनीस कोच, तोंडात तंबाखूचा तोबरा, म्हणाला, "आजीबाई, काठी आणि कवळी, दोन्ही घट्ट धरा."

ओरा मे वळली. "कवळी माझी पक्की आहे रे बाळा. तू तुझी पँट वर घे आधी. अर्ध्या गावाला दर्शन झालं."

मागच्या बाकांवर हशा पिकला. तिनं तो हशा चांगला दोन श्वासभर अंगावर घेतला. तिला आवडायचं ते. आणि ती पुढे वळली तेव्हा पोरं पुन्हा रांगेत उभी होती, आणि काठीवर दोनचाच आकडा होता.

तिसरी खेप दोनच्या आकड्याखाली झाली. चौथी तीनच्या. आणि चारच्या आकड्याखाली हॅस्केटचा एक पोरगा घसरत, लोळत रेषेपलीकडे पडला, आणि गाव वेडं झालं. टीगचा म्हातारा कोच लॅथम चार बोटं वर करून पंचाकडे धावला. म्हणाला, चार झाल्या होत्या, चार! पंचानं काठीकडे बोट दाखवलं. मग लॅथम तिच्याकडे बघत राहिला. पाऊस त्याच्या टोपीवरून गळत होता. ओरा मेनं हनुवटी वर केली. तिला त्या क्षणी स्वतःची काडीचीही शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना ती तो विजय पुन्हा चघळत होती. ही पहिली खेप, एक बटाटा फळीवर. ही दुसरी. हा तंबाखूवाला मेला मध्येच. ही तिसरी. फळीवर पाच बटाटे झाले. तिनं ते परत टोपलीत टाकले आणि पुन्हा मोजले. पाच.

तेव्हापासून सहा आठवडे ती ते मनात घेऊन फिरत होती. कुणाला सांगणार? पंचाची शिट्टी झाली की निकाल दगडावरची रेघ, तो देवालाही फिरवता येत नाही. टीगकडे चित्रण करायचा कॅमेरा होता, पण तो त्या पावसात पेटीतच राहिला. गुणतक्त्यात हॅस्केट चार विजय, टीग तीन. खरं म्हणजे उलटं. आणि हे खरं जगात एकट्या ओरा मेला ठाऊक होतं, असं ती धरून चालली होती.

साडेतीनला वेंडेल आला. दारातच बूट काढले, टोपी गुडघ्यावर ठेवली. चाळीस वर्षांचा बाप्या, पण आईच्या स्वयंपाकघरात बसायची तऱ्हा दहा वर्षांच्या पोराची. तिनं न विचारता मोठ्या पेल्यात ताक ओतून त्यात मक्याचा पाव कुस्करला आणि चमचा घालून पुढे ठेवला.

"नेल्डा बोलली का तुला?" त्यानं विचारलं.

"बोलली? पातेल्याला नवं बूड दिलं तिनं."

तो थोडा हसला. खात राहिला. कागद त्याच्या डोळ्यांसमोर होता, पण त्यानं त्याकडे बघितलं नाही. न बघायचे कष्ट त्याच्या मानेवर दिसत होते.

"वेंडेल," ती म्हणाली. "टीगच्या सामन्यात माझ्याकडून एक गोष्ट झाली."

चमचा थांबला. "काठीची?"

ओरा मे खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी मोजत होतो, आई. माझं कामच आहे ते. आकडा दोनवर राहिला तेव्हाच मी बघितलं. वाटलं, पंच बघेल. मग वाटलं, लॅथम ओरडेल. मग तू तीन केलास, चौथी खेप होऊन गेली, तरी कुणी काही बोलेना." त्यानं पेला बाजूला सरकवला. "मग मी पुढची खेळी पाठवली."

"तू पाठवलीस."

"हो."

"सहा आठवडे मला बोलला नाहीस."

"तुला कळलंच नाही असं वाटलं. तू त्या दिवशी किती खूश होतीस. शेजारणीला मिठी मारलीस. तिच्याशी तू बोलतही नाहीस."

"मी तुला सांगितलं नाही, कारण तू खूश होतास," ओरा मे म्हणाली.

यावर दोघांना हसू यायला हवं होतं. आलं नाही.

चूक वेगळी आणि हे वेगळं, तिच्या मनात आलं. माझा हात चुकला. याचा चुकला नाही. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, आणि त्याचे पुढे आलेले विरळ केस मागे सारायचे होते, आणि यातलं काय आधी करावं ते न कळून तिनं पेला उचलून धुऊन टाकला.

वेंडेल उठला. बूट चढवले, नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "मी चौदा वर्षांचा झाल्यापासून तुझ्याकडे काही मागितलेलं नाही."

"नाही मागितलंस."

"या एका वेळेला, आई." आणि तो तिच्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेला.

पाचला आठ मिनिटं असताना तिनं फोन फिरवला. बोट दोनदा चुकीच्या भोकात गेलं.

"मावशी! होतात कुठे?" रेडिओवाला पर्व्हिस. त्याच्या आवाजात सदान् कदा सर्दी. "सातही जणांची मतं येऊन पडलीत. मी तुमच्यापायी नखं खातोय."

"खा. तेवढंच पोटात काही जाईल."

"सांगू नये, पण सांगतो. टीग आणि आपण, सगळं तिथंच अडलंय. टीग एका गुणानं पुढे आहे. तुम्ही आपल्याला त्यांच्या वर घातलंत की बरोबरी. आणि बरोबरी झाली तर आपसातला सामना जिंकलेला वर. म्हणजे आपण चौथे! झालंच ना मग, मावशी? वेंडेल सुटला!"

आपसातला सामना. ओरा मेनं भिंतीला पाठ टेकली. म्हणजे ती पाचवी खेप आज पुन्हा जिंकणार होती.

"लिहून घे," ती म्हणाली. "एक प्रूइट. दोन ब्लेव्हिन्स. तीन सेंट ऑस्टेल."

"हं. चार?"

तिनं कागदाकडे बघितलं. तो अजून मोकळाच होता. तोंडानं सांगणं हातानं लिहिण्यापेक्षा सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. नव्हतं.

"मावशी? लाइन गेली का?"

"चार, टीग."

"आणि... पाच?"

"पाचला कोण उरलंय, ते तुला मोजता येत नाही?" ती खाकरली. "सहा कॅडल, सात डोव्हर फोर्क, आठ मार्लो. आता माझं वाक्य घे. टीगनं हॅस्केटला हरवलं होतं. हॅस्केटला पाचवी खेप मिळाली, कारण मी आकडा बदलला नाही. काठी माझ्या हातात होती. त्यात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता."

"वाक्य एकच असतं, मावशी," पर्व्हिस कसाबसा म्हणाला.

"मग मधले पूर्णविराम तू काढून टाक."

"हे असंच वाचू?"

"असंच. रडक्या आवाजात नको."

फोन ठेवल्यावर तिला आपलं शेवटचं वाक्य पुन्हा ऐकू आलं, दुसऱ्या कुणाचा हात नव्हता. वयाच्या बासष्टाव्या वर्षी तिनं यादी खरी दिली होती आणि तिच्याखाली एक खोटं जोडलं होतं. त्या खोट्याचं तिला काही वाटलं नाही. जड गेलं ते खरं.

सोमवारी सकाळी कॉलेजच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांवर ठेवलेला रेडिओ बोलला. सहा बायका बिस्किटं लाटत होत्या. पर्व्हिसनं शब्द ना शब्द वाचला. मग कुणी रेडिओ बंद केला, आणि दिवसभर ओरा मेकडे कुणी मीठसुद्धा मागितलं नाही. मंगळवारी कॉलेजनं काठी दुसऱ्याच्या हातात दिली. बुधवारी शेजारीण कुंपणापाशी आली, म्हणाली, "स्वतःच्या पोटच्या पोराला!" आणि परत फिरली. गुरुवारी विश्वस्तांनी वेंडेलला बोलावलं. त्यांनी हात मिळवला, चांगल्या शब्दांत निरोप दिला. हे ओरा मेला दुकानात दुसऱ्या दोघी बोलताना कळलं. तिच्या फोनची घंटा आठवडाभर वाजली नाही. वाजत नाही म्हणून तिनं दोनदा रिसीव्हर उचलून बघितला. फोन चालू होता.

आणि रविवार आला, डिसेंबरचा पहिला. त्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या आठवणीत सगळ्यांना द्राक्षरस देत. ओरा मे भिंतीकडच्या वाटेला लागून असलेल्या आपल्या टोकाला बसली. त्या बाकावर एरवी सात माणसं कोंबून बसायची. आज तिच्याशिवाय कुणी नव्हतं. पुढचे बाक भरलेले, मागचे भरलेले, आणि मध्ये हे लांबलचक गुळगुळीत लाकूड. तिनं हॅट सरळ केली आणि समोर बघत राहिली.

पहिलं भजन संपताना मागचं दार वाजलं. वेंडेल आत आला, एकटाच. नेल्डा नाही, मुली नाहीत. तो मधल्या वाटेनं आला, क्षणभर घुटमळला, आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मायलेकांमध्ये पाच माणसांची जागा. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. तिनंही मान वळवली नाही, पण त्याचा उजवा बूट तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता. नाडी नीट बांधलेली होती.

रसाचं तबक आलं. पत्र्याचं जड तबक, त्यात टोपणाएवढ्या काचेच्या पेल्यांची दाटी. ते बाकावरून सरकवता येत नाही, हातातून हातात द्यावं लागतं, आणि शेजारी आपला पेला उचलेपर्यंत आपण धरून ठेवावं लागतं. वेंडेलनं तबक घेतलं, आपला पेला उचलला. मग शेजारी बघितलं. शेजारी कुणी नव्हतं. पलीकडच्या वाटेत दुसरा सेवेकरी तबकासाठी ओरा मेच्या खांद्यापाशी येऊन उभा राहिला होता. अख्खं चर्च न बघितल्यासारखं करून बघत होतं.

ओरा मेनं हात पुढे केला नाही. एवढ्या अंतरावर हात पुरणारा नव्हता.

वेंडेल उठला. एका हातात पेला, दुसऱ्यात तबक, असा बाजूबाजूनं पावलं टाकत बाकांच्या मधून आला. काचा किणकिणल्या. तो तिच्याशेजारी बसला आणि तबक तिच्यापुढे धरलं. तिच्या बोटांना पेला सापडेना. त्यानं तबक थोडं खाली केलं, आणखी थोडं, तिच्या मांडीला जवळजवळ टेकेल इतकं. तिनं पेला उचलला. तबक सेवेकऱ्याकडे गेलं.

वेंडेल परत आपल्या टोकाला गेला नाही.

रस सगळ्यांनी एकदम प्यायचा असतो. मागच्या बाकांना अजून मिळायचा होता. दोघं हातात पेले धरून थांबली.